ओला कचरा, कंपोस्ट आणि इंदूर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमधील मराठी कुटुंबे, गृहनिर्माण संस्था, गणेशोत्सव मंडळे आणि बाहेरगावाहून येथील व्यवस्था पाहायला येणारे नातेवाईक हे प्रश्न नेहमी विचारतात. काहींची उत्तरे दोन ओळींत संपतात, तर काहींसाठी थोडे मागे जावे लागते.

दारात रोज नगर निगमची गाडी येते, मग घरी खत करण्याचे कारण काय?

नियमाच्या दृष्टीने, कचरा नीट वेगळा करून गाडीत दिला की कुटुंबाची जबाबदारी पूर्ण होते, त्यामुळे घरी खत केलेच पाहिजे असे नाही. तरीही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. भाजीची देठे, फळांच्या साली आणि उरलेले अन्न यांच्या वजनात बहुतांश पाणीच असते, आणि हे पाणी गाडीतून उचलून, हस्तांतरण केंद्रावर मोठ्या वाहनात भरून, शहराच्या कडेला देवगुराडिया येथील कचरा प्रक्रिया केंद्रापर्यंत न्यावे लागते. जे कुटुंब अंगणात किंवा गच्चीवर खत करते, ते या वाहतुकीचा आपला वाटा वाचवते आणि कुंड्यांसाठी खतही मिळवते. मात्र ज्यांच्याकडे जागा किंवा सवड नाही, त्यांनी संकोच बाळगू नये. उत्साहाने आणून महिन्याभरात दुर्लक्षित झालेल्या ड्रमपेक्षा रोज नीट वेगळा करून दिलेला कचरा शहराच्या अधिक उपयोगाचा असतो.

कचऱ्याचे नेमके किती भाग करायचे?

२०१६ च्या केंद्रीय घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग सांगितले होते. २०२६ च्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (रंगाचे डबे, औषधे यांसारखा) असे चार भाग आहेत. इंदूर याच्याही पुढे गेले असून येथील गाड्यांमध्ये ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा अशी सहा प्रकारची विभागणी केली जाते.

घोटाळा होतो तो सीमेवरच्या वस्तूंबाबत. चहाचा चोथा ओल्यात जातो, पण टी-बॅगला धातूची पिन असेल तर ती काढून टाकावी. अंड्याची टरफले ओल्यातच टाकावीत. नारळाची करवंटी आणि शेंडी सहज कुजत नाहीत, म्हणून घरच्या ड्रममध्ये त्या टाकू नयेत. रस्सा किंवा चटणी लागलेली प्लास्टिकची पिशवी ओल्यात टाकण्याची सवय सर्वांत महागात पडते, कारण ओल्यात आलेले प्लास्टिक नंतर बारीक तुकडे होऊन खतात उतरते. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, कारण तो एवढासा तुकडा हमखास भाजीच्या सालींत जातो आणि पुढे कोणत्याही चाळणीत सापडत नाही. संपलेले सेल, कालबाह्य औषधे, फुटलेला थर्मामीटर आणि रंगाचे डबे यांना ओल्या बादलीजवळही जागा देऊ नये. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, खूण करून वेगळे द्यावेत. ते उघडे हाताळण्याची वेळ सफाई कामगारावर आणणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

आम्ही वेगळा दिलेला कचरा पुढे एकत्रच होतो, हे खरे आहे का?

देशातील अनेक शहरांबाबत ही शंका रास्त आहे, आणि नागरिकांचा उत्साह मावळण्याचे तेच मुख्य कारण असते. इंदूरमध्ये गाड्यांना स्वतंत्र कप्पे आहेत, आणि हस्तांतरण केंद्रांवर ओला व सुका कचरा वेगवेगळ्या बंद पेट्यांत भरून पुढे पाठवला जातो. कप्प्यांची ही शिस्त टिकली ती पुढच्या टोकाला ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे दोन वेगळे ग्राहक उभे असल्यामुळे. ओला कचरा घेणाऱ्या प्रकल्पाला मिसळलेला माल चालत नाही आणि सुका कचरा निवडणाऱ्या केंद्राला ओलसर कागद विकता येत नाही. जेथे शेवटी सगळे एकाच खड्ड्यात जाते, तेथे मधले कप्पे फार काळ टिकत नाहीत.

येथील ओल्या कचऱ्याचे पुढे काय होते?

मोठा भाग देवगुराडिया येथील गोबरधन बायो-सीएनजी प्रकल्पात जातो. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्याचे उद्घाटन केले. त्याची क्षमता रोज ५५० टन वेगळा केलेला ओला कचरा घेण्याची असून, पूर्ण क्षमतेने चालल्यास रोज सुमारे १७,००० किलो बायो-सीएनजी आणि १०० टन सेंद्रिय खत मिळावे अशी त्याची रचना आहे. प्रकल्प सार्वजनिक-खासगी भागीदारीत उभारला गेला आणि तयार होणाऱ्या वायूपैकी किमान निम्मा वायू शहर बससेवेसाठी नगर निगमने घ्यावा असे ठरले. विक्रीची हमी आधी आणि यंत्रे नंतर, हा क्रम इतर शहरांनी टिपून ठेवण्यासारखा आहे. चोइथराम मंडीत भाजी-फळांच्या कचऱ्यापासून वायू करणारा एक लहान प्रकल्प याच्या आधीपासून आहे.

वायू करणे चांगले की कंपोस्ट?

दोन्हींमागे जिवाणूच आहेत, फरक हवेचा आहे. हवाबंद टाकीत कचरा कुजला की ५५ ते ६५ टक्के मिथेन असलेला बायोगॅस तयार होतो. त्यातील कार्बन डायऑक्साइड वेगळा करून मिथेनचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर नेले की तो वाहनात वापरता येतो, आणि मागे उरणाऱ्या रबडीपासून खत करता येते. हवेच्या सान्निध्यात कुजवल्यास वायू मिळत नाही, ढीग तापतो आणि सरळ खतच हाती येते. रसदार अन्नकचरा वायूसाठी योग्य असतो, तर पालापाचोळा, काटक्या आणि बागेतील छाटणी कंपोस्टसाठी. मोठ्या शहराला दोन्ही लागतात. लहान नगरपालिकेने मात्र वायूच्या मोहात पडण्यापूर्वी प्रकल्प चालवायला कुशल माणसे आहेत का आणि वायू विकत कोण घेणार, हे आधी पाहावे. कंपोस्टचा ढीग चुकला तर दुरुस्त करता येतो, पण आत आम्ल वाढून आंबट झालेली वायूची टाकी पूर्वपदावर आणायला बराच काळ जातो.

तिसरा पर्याय, म्हणजे काहीच न करता ढीग साचू देणे, हा सर्वांत वाईट. ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नसल्याने मिथेन तेथेही तयार होतो, पण तो वाऱ्यावर जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आहे.

कंपोस्टची 'इंदूर पद्धत' म्हणतात ती याच शहरातील का?

होय, आणि इंदूरच्या मराठी वाचकाला तिची अर्धीच गोष्ट सांगितली जाते. १९२४ साली होळकर दरबाराने नाममात्र भाड्याने दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवर इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही संस्था उभी राहिली. तिचे पहिले संचालक अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९३१ पर्यंत येथे कापसाबरोबरच शेतातील काडीकचऱ्याचे खत कसे करावे यावर काम केले. हॉवर्ड यांचे नाव जगभर गेले. परंतु १९३१ साली ज्या पुस्तकातून ही पद्धत प्रसिद्ध झाली त्यावर दुसरे नाव यशवंत वाड या संस्थेतील रसायनशास्त्रज्ञाचे आहे, आणि ते आपल्याकडे क्वचितच घेतले जाते.

पद्धतीचे मर्म मिश्रणात आहे. काडीकचरा, गुरांचे शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचायचे, पाणी शिंपडायचे, हवा खेळती ठेवायची आणि ठरावीक अंतराने ढीग उलथापालथ करायचा. त्यातून सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या शेतरस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेतल्या जात. यंत्र विकत घेण्याआधी रस्त्यावरच्या बैलगाडीकडे पाहणारी ही दृष्टी आजच्या निविदांत फारशी आढळत नाही.

शहरी कचऱ्याशी या पद्धतीचा संबंध नंतर जोडला गेला असे नाही. १९३४ सालीच जॅक्सन आणि वाड यांनी वस्तीतील कचरा व मैला यांची विल्हेवाट इंदूर पद्धतीने कशी लावावी यावर पत्रिका लिहिली होती. संस्थेच्या त्या जागेवर आज कृषी महाविद्यालय आहे.

बंगळूर पद्धत आणि नाडेप यांत काय वेगळे आहे?

बंगळूर पद्धत सी. एन. आचार्य यांनी १९३९ च्या सुमारास विकसित केली. तिच्यात थर रचून खड्डा लिंपून टाकतात आणि पुन्हा उलथत नाहीत. मजुरी वाचते, वेळ अधिक लागतो. नाडेप हे नाव यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे शेतकरी नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नावावरून आले. भिंतींत जाळीसारखी भोके ठेवलेल्या विटांच्या टाकीत काडीकचरा, थोडे शेण आणि माती यांचे थर भरून ती वरून लिंपतात. भोकांतून हवा मिळत राहते, त्यामुळे उलथापालथ करावी लागत नाही, आणि शेण कमी असले तरी चालते. गुरे कमी झालेल्या गावांना आणि मोठे आवार असलेल्या शाळांना ही टाकी सोयीची आहे, फ्लॅटमधील कुटुंबाला नाही.

घरी खत करण्याची साधी रीत कोणती?

चार माणसांच्या घरात रोज साधारण किलोभर ओला कचरा निघतो असे धरले, तर झाकणाचे दोन ड्रम किंवा मातीचे दोन मोठे माठ पुरतात. एक भरायचा, तोवर दुसरा मुरू द्यायचा. बाजूंना आणि तळाला भोके पाडावीत, खाली पाणी झेलायला ताटली ठेवावी आणि तळाशी वाळलेल्या पानांचा चार बोटे जाड थर द्यावा. त्यानंतर रोजचा कचरा बारीक चिरून टाकावा आणि प्रत्येक वेळी त्यावर जवळजवळ तेवढ्याच आकारमानाचा कोरडा पालापाचोळा, लाकडाचा भुसा किंवा कोकोपीट पसरावे. ही कोरडी वस्तू बहुतेक जण टाळतात, आणि बहुतेकांचे खत तेथेच बिघडते.

त्यामागचे कारण असे. जिवाणूंना कार्बन आणि नत्र सुमारे २५ ते ३० भागांस एक या प्रमाणात लागतात. भाजीपाला व अन्नकचऱ्यात नत्र अधिक असतो, वाळलेल्या पानांत कार्बन. नुसता भाजीपाला घातला तर जादा नत्र अमोनिया होऊन उडतो आणि शेजारी तक्रार घेऊन येतात. ओलावा ५० ते ६० टक्के असावा, म्हणजे मूठभर मिश्रण दाबले असता बोटांमध्ये ओल जाणवावी पण धार लागू नये. आठवड्यातून एक-दोनदा काठीने ढवळावे. सुरुवातीला मूठभर जुने खत किंवा वाटीभर आंबट ताक घातल्यास काम लवकर सुरू होते, मात्र बाजारातील महागडी जिवाणू पावडर आवश्यक नाही. दोन ते तीन महिन्यांत गडद तपकिरी, मोकळे, पावसाच्या मातीसारख्या वासाचे खत मिळते.

घरच्या लहान ड्रममध्ये उष्णता फारशी टिकत नाही. मोठ्या ढिगात तापमान ५५ ते ६५ अंशांपर्यंत जाऊन काही दिवस टिकते आणि त्यामुळे रोगजंतू व तणांची बीजे मरतात. ड्रममध्ये ती खात्री नसते, म्हणून मांस-मासे, पाळीव कुत्र्या-मांजरांची विष्ठा आणि रोगट झाडांची पाने त्यात घालू नयेत.

वास येतो, अळ्या होतात. काय करावे?

कुजका वास आला तर हवा कमी आणि पाणी जास्त झाले आहे. कोरडी पाने घालून ढवळले की दोन-तीन दिवसांत फरक पडतो. आंब्याच्या दिवसांत साली आणि कोयींचा ढीग एकदम पडतो तेव्हा हे हटकून होते. अशा वेळी काही कचरा सरळ गाडीत द्यावा. जाड, करड्या अळ्या बहुधा काळ्या सोल्जर माशीच्या असतात. त्या अन्न झपाट्याने फस्त करतात आणि रोग पसरवत नाहीत, पण पाहवत नसतील तर वर मातीचा किंवा पानांचा जाड थर द्यावा. आठवडे उलटूनही काहीच बदल होत नसेल, तर मिश्रण कोरडे पडले आहे.

गणपतीचे निर्माल्य आणि लग्नकार्यातील कचरा खतात चालतो का?

फुले, दुर्वा, पत्री आणि आंब्याची पाने उत्तम चालतात. दोरा, जरी, थर्माकोल, प्लास्टिकची फुले, कापराची पाकिटे आणि उदबत्तीचे वेष्टन आधी काढावे. मंडळांनी निर्माल्यासाठी कलश ठेवणे पुरेसे नाही, शेजारी दोरे कापायला एक कार्यकर्ता कात्री घेऊन बसवावा, कारण हे काम नंतर कोणीही करत नाही. शाडूची मूर्ती घरच्या बादलीत विरघळवून माती झाडांना घालता येते, प्लास्टर ऑफ पॅरिसची नाही.

मंगल कार्यालये, वसतिगृहे आणि मोठ्या निवासी संकुलांचा विचार वेगळा आहे. रोज १०० किलो किंवा त्याहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्यांना नियम मोठे कचरा-उत्पादक मानतात आणि ओल्या कचऱ्यावर शक्यतो आवारातच प्रक्रिया करण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकतात. संकुलाने यंत्र विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा : बाहेर पडणारा माल खत आहे की केवळ वाळवलेला कचरा? चोवीस तासांत खत देण्याचा दावा करणारी बरीच यंत्रे प्रत्यक्षात कचरा तापवून त्याचा भुगा करतात, आणि तो भुगा ओला होताच पुन्हा कुजू लागतो.

शहराचे खत शेतकरी आनंदाने का घेत नाहीत?

या पानावरील हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. कचऱ्याची विल्हेवाट लागली एवढ्यावर समाधान मानणारी व्यवस्था खताकडे दुय्यम वस्तू म्हणून पाहते, आणि शेतकऱ्याला ते पहिल्या पोत्यातच कळते.

हिशेब करून पाहावा. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये किमान ०.८ टक्के नत्र असावा लागतो, म्हणजे एक टन खतात आठ किलो. युरियाच्या ४५ किलोंच्या एका गोणीत वीस किलोंहून अधिक नत्र असतो आणि अनुदानामुळे ती स्वस्तही पडते. नत्रासाठी टनभर माल वाहून न्यायला माळव्यातील सोयाबीन-गव्हाचा शेतकरी भोळा नाही. कंपोस्टची खरी किंमत त्यातील सेंद्रिय कर्बात आहे. त्याने काळी माती भुसभुशीत राहते, ओल धरते आणि दिलेले रासायनिक खतही अधिक लागू पडते. पण हा लाभ काही हंगामांनी दिसतो, तर काचेचा तुकडा पायात पहिल्याच दिवशी जातो.

त्याच आदेशात कार्बन-नत्र गुणोत्तर २० पेक्षा कमी असावे, किमान ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून जावा, शिसे किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमच्या वर नसावे, अशा अटी आहेत. शिसे आणि कॅडमियम भाजीच्या देठांतून येत नाहीत. ते सेल, रंग आणि इलेक्ट्रॉनिक कचऱ्यातून येतात, आणि एकदा मिसळले की कोणतीही चाळणी ते काढू शकत नाही. १९७५ ते १९८० या काळात बंगळूर, बडोदा, मुंबई, कोलकाता, दिल्ली, जयपूर आणि कानपूर येथे रोज १५० ते ३०० टनांचे यांत्रिक कंपोस्ट प्रकल्प उभारले गेले होते. मिसळलेला कचरा आत आणि काचमिश्रित खत बाहेर, अशा कारभारामुळे त्यांतील बहुतेक टिकले नाहीत. शासनाने २०१६ साली शहरी कंपोस्टवर टनामागे १,५०० रुपयांचे विक्रीसाहाय्य जाहीर केले. त्याने वाहतुकीचा भार हलका झाला, विश्वास मात्र मालाच्या दर्जानेच येतो.

देवगुराडियाचा जुना ढीग कसा हटवला?

सुमारे १०० एकरांवर वर्षानुवर्षे साचलेला दहा लाख टनांहून कितीतरी अधिक कचरा २०१८ साली बायोमायनिंगने हटवण्यात आला. ढीग फोडून, पसरून, जिवाणू-द्रावण शिंपडून त्यातील ओल व वायू कमी करायचे, आणि मग फिरत्या चाळण्यांतून माती, दगड, धातू व जळाऊ प्लास्टिक-चिंध्या वेगळ्या काढायच्या, असे हे काम असते. जळाऊ भाग सिमेंट कारखान्यांना जातो. नगर निगमने संपूर्ण काम ठेक्याने न देता यंत्रे भाड्याने घेतल्यामुळे खर्च बराच खाली आला. अशा ढिगातून निघणारी माती भरावासाठी वापरावी. तिला खत म्हणून भाजीच्या शेतात घालणे योग्य नाही.

ढीग राहू देण्याची किंमत इतर देशांनी मोजली आहे. इंडोनेशियातील बांडुंगजवळ फेब्रुवारी २००५ मध्ये, आदिस अबाबा येथे मार्च २०१७ मध्ये आणि कोलंबोत त्याच वर्षी एप्रिलमध्ये कचऱ्याचे डोंगर वस्तीवर कोसळून माणसे गाडली गेली. सप्टेंबर २०१७ मध्ये दिल्लीतील गाझीपूरचा ढीगही ढासळला.

कचरा जाळून वीज का करू नये?

वाळलेला, पुनर्वापर न होणारा भाग जाळता येतो. विकसनशील देशांतील मिसळलेला कचरा मात्र मुळात ओला असतो. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार कमी उत्पन्नाच्या देशांत निम्म्याहून अधिक कचरा अन्न व हिरवा कचरा असतो, तर श्रीमंत देशांत तो सुमारे ३२ टक्के. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ साली रोज ३०० टनांची भट्टी डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने उभारली गेली आणि कचऱ्यात पुरेशी उष्णता नसल्याने ती चाचणीनंतर लवकरच बंद पडली. ओला भाग वेगळा काढल्याशिवाय उरलेला भाग नीट जळत नाही, त्यामुळे भट्टी घेतली तरी वर्गीकरण टळत नाही.

या व्यवस्थेत कचरावेचकांचे स्थान काय?

घरोघरची गाडी सुरू झाली की रस्त्यावरून भंगार वेचणाऱ्यांची रोजी पहिल्याच दिवशी जाते, हे शहराने आधी मान्य करावे. २०१६ च्या नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्यास सांगितले, आणि इंदूरमध्ये सुका कचरा निवडण्याच्या कामात त्यांतील अनेकांना घेतले गेले. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था घरोघर कचरा गोळा करते व सेवाशुल्क घेते. दोन रचना वेगळ्या आहेत. पहिलीत शहराचे नियंत्रण अधिक, दुसरीत भंगाराच्या विक्रीचे पैसे वेचणाऱ्याच्या हातात. आमच्या मते दुसरी अधिक न्याय्य आहे, जरी तिची देखरेख करणे कठीण असले तरी.

आमच्या गावाला इंदूरची नक्कल करता येईल का?

क्रमाची नक्कल करावी, आकाराची नको. इंदूर २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात २५ व्या क्रमांकावर होते आणि २०१७ मध्ये पहिले आले. या काळात मोठा वायू प्रकल्प अस्तित्वातच नव्हता, तो पाच वर्षांनी आला. आधी काही प्रभागांत घरोघर संकलन, मग शहरभर, मग वर्गीकरण आणि त्यानंतर यंत्रे, असा हा प्रवास आहे. वीस-तीस हजार वस्तीच्या गावाला विटांच्या टाक्या, एक चाळणी, ताडपत्रीखाली कोरडी जागा आणि रोज ढीग बघणारा एक माणूस एवढ्यावर ओल्या कचऱ्याचे काम चालवता येते. त्या माणसाचा पगार दर महिन्याला वेळेवर होईल अशी तरतूद अंदाजपत्रकात आधी करावी, यंत्राची जाहिरात नंतर काढावी.

पावसाळ्यात खताचे काय करावे?

ड्रम छपराखाली घ्यावा, झाकण तिरके ठेवून हवा चालू द्यावी आणि कोरडी पाने मार्च-एप्रिलमध्येच पोत्यांत भरून ठेवावीत, कारण जुलैत ती मिळत नाहीत. तयार खत वापरण्यापूर्वी त्यात मातीबरोबर मूठभर मूग पेरून पाहावेत. चार-पाच दिवसांत ते नीट उगवले तर एक भाग खत व दोन-तीन भाग माती या प्रमाणात कुंड्यांना घालावे, न उगवल्यास आणखी दोन-तीन आठवडे मुरू द्यावे.